जंजिऱ्याच्या मागचं रान

मुरूडला जाऊन आलो म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला, "मग जंजिरा पाहिलास ना?" पाहिला की! दोनतीनदा पाहिलाय. पण दर वेळी किल्ल्यावरून किनाऱ्याकडे बघताना मागे ते हिरवेगार डोंगर दिसायचे आणि मी ते नुसते फोटोची बॅकग्राउंड म्हणून वापरायचो. या खेपेला म्हटलं, उलटं करू. आधी रान, मग किल्ला.

हे रान म्हणजे फणसाड अभयारण्य. मुरूड आणि रोहा तालुक्यांत मिळून पसरलेलं. काशीदच्या बीचवर गाड्या लावायला जागा मिळत नाही, आणि तिथून थोडं आत सुपेगावच्या बाजूने जंगलात शिरलं की चिटपाखरू नाही. म्हणजे पाखरंच पाखरं, माणूस नाही! समुद्र इतका जवळ असून झाडीमुळे दिसत नाही, फक्त हवेतला दमटपणा सांगत राहतो. वाटा पायी चालण्याच्याच, एका पाणवठ्यावरून दुसऱ्याकडे जाणाऱ्या. इथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण वगैरे. त्या फणसाडगाणीवरूनच अभयारण्याला नाव पडलं. वाटेत गारंबीचे जाडजूड वेल आणि त्यांच्या हातभर लांब शेंगा. नशीब चांगलं असेल तर उंचावरून उड्या मारत जाणारा शेकरू.

आता मुद्द्यावर येतो. एवढं रान या किनाऱ्यावर शिल्लक राहिलं कसं?

याचं उत्तर जंजिऱ्यात आहे. सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. निजामशाहीच्या काळात त्यांनी या बेटावर पाय रोवले, पुढे मुघलांशी जुळवून घेतलं. शिवाजी महाराजांना जंजिरा मिळाला नाही, म्हणून त्यांनी शेजारच्या खडकावर पद्मदुर्ग उभा केला. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी तर खाडी भरून किल्ल्यापर्यंत वाट करायचा प्रयत्न केला. तरी किल्ला पडला नाही. हा सगळा झगडा आपण तोफा आणि तटबंदीच्या भाषेत वाचतो. पण गुराबा-गलबतं बनायची लाकडाची! आरमार म्हणजे पाण्यावर तरंगणारं जंगलच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कुठून आणि कसं घ्यावं हे सांगितलंय. रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं एका दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी पोरांसारखी वाढवलेली असतात, असंही त्यात आहे. म्हणजे झाड कोणाचं आणि तोडायचा हक्क कोणाचा, हा वाद तेव्हाही होताच.

पुढे लढाया संपल्या आणि जंजिरा हे इंग्रजांच्या छत्राखालचं छोटं संस्थान झालं. फणसाडचं रान नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं आणि 1986 मध्ये फणसाड अभयारण्य जाहीर झालं.

म्हणजे गंमत बघा. प्राणी मारायला राखलेलं रान आज प्राणी वाचवायला राखलंय! नियम बदलला, पण कुंपण तेच. आणि कुंपणाबाहेर राहिलेली माणसंही बहुतेक तीच असणार.

सोबत वाट दाखवायला आलेल्या काकांना मी सहज विचारलं, "काका, नवाबाचं राज्य बरं होतं की आत्ताचं?" ते हसले. म्हणाले, "आमाला काय, तेव्हा पण लाकडाला जायचं तर भ्याव, आता पण भ्याव." आणि पुढे चालायला लागले. मी गप्प. माझ्या डोक्यात तोपर्यंत 'नवाबामुळे जंगल वाचलं' असं छान वाक्य तयार होतं. ते तिथेच खोडलं.

दुपारनंतर राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्यावर गेलो. आत सुरूलखानाच्या वाड्याचे पडके मजले, भिंती फोडून वाढलेली झाडं, भोवती खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याची तळी. गाईड नेहमीप्रमाणे कलालबांगडी तोफेपाशी गर्दी जमवत होता. मी तटावर जाऊन पुन्हा त्या डोंगरांकडे पाहिलं. हाही त्याच राज्याचा अवशेष. दगडाचा अवशेष हळूहळू पडतोय. हिरवा अवशेष मात्र दर पावसाळ्यात नव्याने उभा राहतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतरही तो उभा आहे.

पण तो उभा ठेवायचा खर्च काकांसारखी माणसं भरत आलीत. आपण तिकीट काढतो, फोटो काढतो आणि रविवारी रात्री घरी परततो.

असो. मुरूडला गेलात तर किल्ला पाहाच. पण एक सकाळ मागच्या रानाला द्या, आणि वाट दाखवणाऱ्याला नुसती वाट विचारू नका.