धुराची परीक्षा

भंडारा जिल्ह्यांतील दिघोरीसारख्या गांवाहून एखादी जुनी, प्रवासी वाहणारी डिझेलची जीप तपासणीकरितां भंडाऱ्यास निघावयाची असली, म्हणजे आदल्या दिवशीं तिची बडदास्त एखाद्या नवरदेवासारखी ठेवण्यांत येते. हवेचा फिल्टर झटकला जातो, इंजिनांतलें ऑइल बदललें जातें, आणि ओळखीचा मिस्त्री पंपाचा स्क्रू किंचित् फिरवून सिलिंडरांत जाणारें डिझेल कमी करतो. जीप उत्तीर्ण होते. परत आल्यावर तोच स्क्रू पुन्हां पूर्वस्थितीवर येतो. कारण तसें न केल्यास माणसांनीं भरलेली गाडी चढावर दम टाकते. कायद्याच्या दृष्टीस धूर एक दिवस पडला नाहीं, एवढ्यानें काम भागतें. धूर आणि कायदा यांचा हा लपंडाव आपल्याकडे मोटारींहूनहि जुना आहे.

मुंबईंतहि तो रंगला. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं तेथें कापूसगिरणीची स्थापना केल्यावर पुढील अर्धशतकांत शहरावर धुराड्यांचें रानच उभें राहिलें. अखेर १९१२ सालीं मुंबई सरकारनें धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा केला. त्या काळीं धूर मोजावयाचा तो डोळ्यानें. रिंगेलमान नांवाच्या एका फ्रेंच प्राध्यापकानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटा दाखविणारा एक तक्ता तयार केला होता. तो दूर धरून धुराड्याच्या धुराशीं ताडून पहावयाचा, ही रीत जगभर चालू झाली. भंडारा त्या वेळीं मध्यप्रांतांत होता व त्याचा कारभार नागपुराहून चाले. नागपुरासहि टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालूं होती. पण मुंबईचा कायदा तिकडे पोहोंचत नव्हता.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरानें आपल्या इंजिनाचें पेटंट १८९२ सालीं मागितलें, आणि १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें तें यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. त्याची युक्ति साधी आणि विलक्षण आहे. सिलिंडरांत नुसती हवा इतकी दाबावयाची कीं ती लालबुंद लोखंडासारखी तापते. मग तींत तेलाचा बारीक फवारा सोडावयाचा, म्हणजे ठिणगीवांचून तो आपोआप पेटतो. इंधन थोडें आणि काम पुष्कळ, हा त्याचा हेतु. धुराची चिंता त्या काळीं कोणास नव्हती. फवारा जाड पडला किंवा हवा अपुरी मिळाली, तर तेल अर्धवट जळून त्याची काजळी होते. काळ्या धुराचें सारें रहस्य एवढेंच आहे. निळा धूर निघाला तर इंजिनाचें ऑइल जळतें आहे असें समजावें.

खेड्यांत हें इंजिन प्रथम मोटारींतून आलें नाहीं. तें विहिरीवर आणि धानाच्या गिरणींत आलें. पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ सालीं झाली, त्यानंतर तर त्याचा आवाज सर्वत्र ओळखीचा झाला. मालमोटारी, एस.टी. आणि जीपगाड्या त्यामागून आल्या. सरकारनें डिझेल पेट्रोलहून स्वस्त ठेविलें होतें. तें धोरण २०१४ सालापर्यंत टिकलें.

मोटारींचा कायदा १९३९ सालीं झाला, पण पुढील पन्नास वर्षें धुराचा निर्णय बहुतांशीं पाहणाऱ्याच्या नजरेवरच राहिला. १९८८ चा नवा कायदा आणि १९८९ चे केंद्रीय नियम आले, तेव्हां प्रथमच नजरेची जागा आंकड्यानें घेतली. गाडी उभी, गिअर न्यूट्रलवर, इंजिन चांगलें तापलेलें. मग अ‍ॅक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबावयाचा आणि निघालेला धूर एका नळींत घ्यावयाचा. नळीच्या एका टोकास दिवा, दुसऱ्या टोकास प्रकाश मोजणारें यंत्र. स्वच्छ हवेस शून्य अंक. प्रकाश मुळींच पोहोंचला नाहीं तर शंभर. हीं हार्ट्रिजचीं मापें होत. मर्यादा ६५ अंकांची ठरली. भारत टप्पा चारच्या गाड्यांस ती ५० झाली. पद्धत निःपक्षपाती आहे यांत शंका नाहीं. मात्र तींत एक उणीव राहून गेली आहे. गाडीवर ओझें नसतें. भरल्या गाडीनें चढ चढतांना जो धूर निघतो, तो त्या नळींत कधींच शिरत नाहीं, आणि मिस्त्र्याच्या स्क्रूला अवसर मिळतो तो येथेंच.

मुंबईकरांनीं हा प्रश्न न्यायालयांत नेला. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या संस्थेच्या अर्जावर १९९९ सालीं उच्च न्यायालयानें परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमविली, आणि पुढें जुन्या टॅक्सींना नैसर्गिक वायूकडे वळावें लागलें. तेलहि बदललें. २००० सालीं दहा लाख भाग डिझेलांत २५०० भाग गंधक चालत असे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून केवळ १०. दिघोरीच्या मिस्त्र्यानें कितीहि स्क्रू फिरविले असते, तरी एवढा फरक त्याच्या हातून होता ना!

तथापि त्या मिस्त्र्यास कमी लेखण्याचें कारण नाहीं. धानाच्या दिवसांत धुळीनें भरणारा फिल्टर वेळच्या वेळीं बदलणें, झिजलेले नोझल काढून त्यांचा फवारा तपासून घेणें, व्हॉल्व्हची फट बरोबर राखणें, या तीन गोष्टी वर्षभर झाल्या तर आदल्या दिवशींची धांदल लागत नाहीं. भंडाऱ्यापर्यंतच्या प्रवासाचाहि उपयोग होतो. थंड इंजिन धुरकटतें. लांबवर धांवून तापलेली गाडी तपासणीस उभी राहिली, तर तिचा आंकडा पुष्कळदां आपोआपच खालीं येतो.

टप्पा सहाच्या नव्या गाड्यांत तर काजळी अडविणारी जाळीच बसविलेली असते. सांचलेली काजळी जाळून टाकण्यास तीस पुरेसा ताप लागतो, आणि घर ते शेत एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडींत तो मिळत नाहीं. जाळी तुंबते, दिवा लागतो, आणि मालक गाडीस दोष देतो. अशा मालकानें अधूनमधून साकोलीकडे जाऊन मुंबई-कोलकाता महामार्गावर अर्धा तास एका वेगानें गाडी चालवावी, म्हणजे तिची काजळी तेथेंच जळून जाते.