सहासष्ट बारशिंगे

बालाघाट म्हटलं की आम्हां गोमंतकीयांना तिथल्या मँगनीजच्या खाणी आठवतात. मला मात्र आठवतो तो बालाघाट-मंडला जिल्ह्यांत पसरलेल्या कान्हाच्या जंगलातला बारशिंगा. टणक जमिनीवर राहणारी त्याची ही उपजात १९७० साली फक्त कान्हात उरली होती. डोकी अवघी ६६. कुंपणात जपून ती वाढवली. आज ती हजारावर गेली आहेत.

मग सगळं परत मिळालं का?

प्रजननपेशी तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजन होतं. आईकडची आणि बापाकडची गुणसूत्रं जोडीनं जवळ येतात, तुकड्यांची अदलाबदल करतात आणि निम्मी निम्मी वाटली जातात. माणसात ४६ची २३ होतात. नुसत्या या वाटणीतूनच ८३,८८,६०८ प्रकार निघू शकतात. म्हणून तर मानकुरादची कोय लावून तोच आंबा मिळेल याची खात्री नसते, कलमच बांधावं लागतं.

निसर्ग असे पत्ते दर पिढीत पिसतो. रोगराई आली तर कुणीतरी तगतं ते त्यामुळेच. पण पिसून हरवलेला पत्ता परत येत नाही. १९७० पूर्वी मेलेल्या बारशिंग्यांबरोबर जे गुण कायमचे गेले, ते आजच्या मोठ्या कळपातही नाहीत. शिरगणती वाढली याचा आनंद आहेच. पण मोजायला हवं होतं ते ६६वर येण्याआधी.