शहा म्हणजे कोण?



आपल्या मंदिरात 'शहा वहिनी' अशी हाक मारली तर चार-पाच जणी वळून बघतात. कुठल्या दारावर 'शहा' पाटी दिसली की आपण लगेच विचारतो, "जैनच ना?" पण हे आडनाव मुसलमान कुटुंबांतही आहे, आणि नेपाळच्या राजघराण्याचेही तेच होते. उच्चार एक, पण मुळात शब्द दोन.

पहिला फारसी 'शाह', म्हणजे राजा. बादशहा, शहाजादा यांतला. सूफी पीरांच्या नावाआधीही तो आदराने लागे. शहाजीराजांचे नाव अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरावरून ठेवले, असे परंपरा सांगते.

दुसरा आपल्या घरचा. संस्कृत 'साधु', प्राकृतात 'साहु'. णमोकार मंत्राच्या पाचव्या पदात तो रोज आपल्या तोंडी असतो. तिथे अर्थ मुनी. बाजारात मात्र त्याला सचोटीचा व्यापारी हा अर्थ आला. साहूकार, सावकार आणि चोराच्या उलट तो 'साव', ही सगळी त्याच कुळातली.

आधी हे आडनाव नव्हते, मान होता. विक्रम संवत 1548 मध्ये जीवराज पापडीवाल यांनी प्रतिष्ठा करवलेल्या प्रतिमा देशभरच्या दिगंबर मंदिरांत आहेत. त्यांवरच्या लेखात नावाआधी 'साह' येते. तेराव्या शतकातल्या दुष्काळात धान्याची कोठारे उघडणारे कच्छचे जगडूशाह, राणा प्रतापांना धन देणारे भामाशाह, यांचाही तोच मान. भामाशाह मूळचे कावडिया. पुढे 'साह'चे 'शाह' झाले आणि फारसी शब्दात मिसळून गेले.

कॉमर्सला आम्हाला शाहजोग हुंडी होती. तिचे पैसे कोणालाही मिळत नसत, बाजारात पत असलेल्या 'शाह'लाच मिळत. म्हणजे 'शाह' ही जात नव्हे, पत होती!

दोशींनाही उगाच 'दोषी' म्हणून चिडवतात. ते मूळचे कापडवाले. 'दूष्य' म्हणजे वस्त्र.

तेव्हा पाटी वाचून कोणाचा धर्म ठरवू नये. आणि नातवंडांना आपल्या आडनावाचा अर्थ जरूर सांगावा. खोटे माप आणि भेसळ हे अचौर्य अणुव्रताचे अतिचार आहेत. ते टाळले तरच 'शहा' म्हणवून घ्यायचा हक्क. नुसते आधार कार्डावर असून काय उपयोग?