शाळेचा संगणक कक्ष : देखभाल एकाच यंत्राची

कोल्हापूर - शिवाजी पेठेसारख्या जुन्या वस्तीतील शाळेत संगणक कक्ष उभारण्यापेक्षा तो चालू ठेवणे अधिक अवघड. देणगीतून आलेले निरनिराळ्या वर्षांचे संगणक, पावसाळ्यातील दमट हवा, विजेचा लपंडाव आणि पेन ड्राइव्हमधून शिरणारे व्हायरस यांमुळे एकेक यंत्र बंद पडते आणि अखेर कक्षाला कुलूप लागते. केंद्र शासनाने डिसेंबर २००४ मध्ये शाळांसाठी 'आयसीटी' योजना आणली. पण यंत्रे मिळाली म्हणून दुरुस्तीचा प्रश्न सुटत नाही.

'थिन क्लायंट' ही त्यावरील जुनीच तोड आहे. बाकावर मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि एक लहान डबी एवढेच असते. डबीत हार्ड डिस्क नसते, बहुधा पंखाही नसतो. प्रत्यक्ष काम सर्व्हरवर चालते. पडद्यावर त्याचे चित्र तेवढे उमटते. डबी बिघडल्यास दुसरी जोडावी. विद्यार्थ्याची फाईल सर्व्हरवर शाबूत राहते. नवे सॉफ्टवेअरही एकदाच बसवावे लागते. मॉनिटर वगळता डबीला साधारण १० ते २० वॅट वीज पुरते.

१९९९ मध्ये सुरू झालेल्या 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट'मुळे जुने संगणकही हार्ड डिस्कविना, नेटवर्कवरून सुरू करता येऊ लागले, तेही विनामूल्य. तत्कालीन आंध्र प्रदेशात २००८ मध्ये एकच संगणक अनेक विद्यार्थ्यांत विभागणाऱ्या 'एनकंप्युटिंग'च्या उपकरणांची सुमारे ५,००० शाळांसाठी निवड झाली. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील खैराट येथे २००७ मध्ये नेमका उलटा प्रयोग झाला : प्रत्येक मुलाला स्वतंत्र लॅपटॉप.

मात्र देखभाल नाहीशी होत नाही, ती एका जागी गोळा होते. सर्व्हर बंद पडला की अख्खा तास बुडतो. त्यामुळे सर्व्हर व नेटवर्क स्विचला यूपीएस, फाईलींची नियमित दुसरी प्रत आणि यंत्रणा समजणारे किमान दोन शिक्षक हवेत. (एकाची बदली होतेच!) वीस मुलांनी एकाच वेळी व्हिडिओ लावल्यास चित्र अडखळते; म्हणूनच २०१९ मध्ये नव्याने लिहिलेल्या लिनक्स प्रणालीत डबीच्याच प्रोसेसरवर काम करून घेण्यावर भर आहे. विंडोज वापरायचे असल्यास सर्व्हरखेरीज प्रत्येक जोडणीच्या परवान्याचा खर्च आधी विचारावा. दरपत्रकात तो पुष्कळदा शेवटच्या ओळीत असतो.