भ्रमणध्वनीवरील उपयोजने आणि त्यांची नक्कल : सिंधुदुर्ग किनारपट्टीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक एखादे मोडी पत्र हाती घेतो तेव्हा कागद अस्सल आहे की नक्कल, हे तो प्रथम तपासतो. शिवकालीन पत्रांपैकी कित्येक आज केवळ नकलांच्या रूपाने उपलब्ध आहेत. मूळ कागद वाळवीने, ओलीने वा निष्काळजीपणाने गेला; परंतु कोणी तरी त्याची प्रत करून ती अन्यत्र ठेवली होती, म्हणून मजकूर वाचला. प्रत कोणी केली, ती कोठे ठेवली आणि तिच्यावर ताबा कोणाचा, हे प्रश्न कागदाबरोबर संपलेले नाहीत. गेल्या पंचवीस वर्षांत सामान्य माणसाचे पत्ते, छायाचित्रे, हिशेब व संदेश भ्रमणध्वनीत गेले आणि तेच प्रश्न नव्या रूपात उभे राहिले. प्रस्तुत निबंधात भ्रमणध्वनी व संगणक यांच्यातील या देवघेवीचा इतिहास सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संदर्भात पाहावयाचा आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झालेला हा जिल्हा सुमारे १२१ किलोमीटरच्या किनाऱ्याचा आहे. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि डोंगरदऱ्यांत अडणारे नेटवर्क यांमुळे येथे यंत्र बिघडण्याचा व संपर्क तुटण्याचा अनुभव नित्याचा आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. उपयोजन, म्हणजे बोलीत ज्यास ‘ॲप’ म्हणतात ते, आणि त्या ॲपमध्ये वापरणाऱ्याने भरलेली माहिती या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली पुन्हा मिळते. दुसरी बहुधा मिळत नाही.

केबलचा काळ

भारतात भ्रमणध्वनी सेवा १९९५ साली सुरू झाली. भारत संचार निगमची सेवा ऑक्टोबर २००२ मध्ये आली आणि त्यानंतरच लहान शहरांत व गावांत हे यंत्र हळूहळू पोहोचले. नोकियाच्या त्या काळातील संचांत ‘जार’ वा ‘सिस’ या प्रकारच्या फायली घालून खेळ, शब्दकोश इत्यादी उपयोजने चढविता येत. इंटरनेट महाग व मंद असल्याने ती प्रथम संगणकावर उतरवून घेतली जात आणि मग केबल, ब्लूटूथ अथवा मेमरी कार्ड यांच्या साहाय्याने फोनमध्ये जात. नोकियाच्या ‘पीसी सूट’ या प्रणालीने फोनमधील नावे, संदेश व नोंदवही यांची एकत्रित प्रत संगणकावर एकाच फायलीत ठेवता येई.

तथापि संगणक होता कोणाकडे? बहुसंख्य घरांत तो नव्हताच. महाराष्ट्रातील इतर तालुक्यांच्या गावांप्रमाणे मालवण, कुडाळ, कणकवली येथेही बाजारपेठेतील मोबाइल दुरुस्तीचे दुकान हेच संगणकाचे ठिकाण होते. कार्ड भरून घेणे, जुन्या फोनमधील नंबर नव्यात घालून घेणे ही कामे तेथे थोड्या पैशांत होत. ग्राहकाच्या नकळत त्याची एक प्रत दुकानदाराच्या संगणकावर राहून जाई. आज या व्यवहाराला खासगीपणाचा भंग म्हटले जाईल आणि ते चूकही नाही. मात्र फोन समुद्रात पडला, तर प्रत कोठे मागावयाची हे माणसाला ठाऊक होते, आणि ज्याच्याकडे मागावयाची तो ओळखीचा होता.

या व्यवस्थेचा मुख्य दोष निराळाच होता. पीसी सूटची फाईल दुसऱ्या कंपनीच्या फोनला उपयोगाची नव्हती. नोकियाचा भ्रमणध्वनी व्यवसाय एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला, सिम्बियन प्रणाली मागे पडली आणि जपून ठेवलेल्या फायली वाचणारे साधनच दुर्मिळ झाले. मोडी लिपीतील दफ्तर शाबूत असावे आणि वाचणारा मिळू नये, तशी ही अवस्था होय.

समुद्रातील खुणा

मच्छीमारांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. किनाऱ्यावरील डोंगराचे टोक, देवळाचा कळस, एखादे उंच झाड यांचा परस्परांशी मेळ घालून पाण्याखालील खडपाची जागा ओळखणे ही जुनी रीत. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे तोंडी जाई. त्याची नक्कल म्हणजे दुसऱ्या माणसाची स्मृती. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली चूक काढून टाकली. त्यापूर्वी शंभर मीटरपर्यंत असणारी तफावत त्यामुळे दहा-वीस मीटरवर आली आणि लहान हातसंच उपयुक्त ठरले. डोंगर-देवळांच्या खुणा अक्षांश-रेखांशांच्या अंकांत गेल्या. पुढे त्या फोनमधील नकाशांच्या ॲपमध्ये आल्या.

या खुणा जीपीएक्स या खुल्या स्वरूपात संगणकावर काढून ठेवता येतात. हे स्वरूप २००२ पासून प्रचलित आहे आणि ते कोणा एका कंपनीचे नाही, म्हणून ती फाईल वीस वर्षांनीही उघडते. परंतु ही प्रत आपोआप होत नाही, ती मुद्दाम करावी लागते. खाऱ्या हवेने फोनचे चार्जिंगचे तोंड गंजले तर केबलचा मार्गही बंद होतो. शिवाय चांगल्या खडपाची जागा हे ज्याचे त्याचे गुपित असल्याने ती दुसऱ्याच्या संगणकावर ठेवण्यास कोणी सहजासहजी धजत नाही.

येथे जाता जाता एक नोंद करावीशी वाटते. हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहाने मोजलेले समुद्रपृष्ठाचे तापमान व हरितद्रव्य यांवरून संभाव्य मत्स्यक्षेत्राची सूचना देते. ती फोनवर मिळते, परंतु तिचे आयुष्य मोजक्या दिवसांचे. ती कोणी जपून ठेवली नाही तरी मच्छीमाराचे काही बिघडत नाही.

खात्याचा काळ

जुलै २००८ मध्ये ॲपलचे व ऑक्टोबर २००८ मध्ये अँड्रॉइडचे ॲप-भांडार सुरू झाले. आरंभी आयफोनची उपयोजने आयट्यून्सद्वारे संगणकावर साठविली जात; सप्टेंबर २०१७ मध्ये ती सोय काढून घेण्यात आली. अँड्रॉइडमध्ये ‘एपीके’ ही एकसंध फाईल संगणकावर सहज काढता येई. परंतु ऑगस्ट २०२१ पासून गूगलच्या भांडारातील नव्या ॲपना वेगळ्या बांधणीची सक्ती झाली आणि ॲप अनेक तुकड्यांत फोनवर येऊ लागले. तत्पूर्वीच २०१५ सालच्या अँड्रॉइड ६ पासून ॲपमधील माहितीची प्रत वापरणाऱ्याच्या गूगल खात्यात आपोआप जाऊ लागली होती, प्रत्येक ॲपमागे २५ एमबीपर्यंत. व्हॉट्सॲपनेही त्याच वर्षी गूगल ड्राइव्हची सोय दिली.

सोय वाढली हे निर्विवाद आहे. परंतु प्रत बाजारपेठेतून उठून दूरच्या सर्व्हरवर गेली आणि तिची किल्ली म्हणजे खात्याचा सांकेतिक शब्द ठरला. कोकणात ही किल्ली पुष्कळदा भलत्याच हाती राहिली. गणपतीला आलेल्या चाकरमान्याने आईवडिलांना फोन द्यावा, खाते मुंबईत स्वतःच उघडावे किंवा दुकानदाराने ते घाईने उघडून द्यावे आणि पासवर्ड कोणाच्याच ध्यानात नसावा, असे सर्रास घडले. अँड्रॉइड ५.१ पासून तर पुसून टाकलेला फोनही पूर्वीच्या खात्याची ओळख पटविल्याविना उघडत नाही. चोराला अडविण्यासाठी घातलेले हे कुलूप प्रसंगी मालकालाच बाहेर ठेवते.

शिवाय खात्यातील प्रत नेटवर्कवर अवलंबून असते. २०२० च्या टाळेबंदीत जिल्ह्यातील विद्यार्थी डोंगरमाथ्यावर झोपडी उभारून अभ्यास करीत असल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा वीज व दूरसंचार सेवा विस्कळित झाली. अशा दिवसांत फोनमध्ये जे आहे तेच खरे.

पीक पाहणी

त्याच वर्षी १५ ऑगस्टला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तोपर्यंत पिकाची नोंद तलाठी गाव नमुना १२ मध्ये करीत असे. सातबाऱ्याचा खालचा भाग तो हाच. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून ॲपमध्ये पीक नोंदवावे व छायाचित्र घ्यावे, अशी योजना झाली. नुकसानभरपाई, पीककर्ज व विमा यांस या नोंदीचा आधार असल्याने ती लहानसहान बाब नाही. शेतात नेटवर्क नसल्यास माहिती फोनमध्ये साठवून नंतर पाठविता येते.

साठविणे आणि पाठविणे यांमधील काळ हाच येथे कळीचा आहे. या काळात नोंदीची प्रत तलाठ्याच्या दफ्तरात नसते, सरकारी सर्व्हरवर नसते आणि दुकानातही नसते. ॲप काढून पुन्हा घातले, तर अँड्रॉइडच्या नियमानुसार त्याच्या अंतर्गत साठ्यातील माहिती पुसली जाते. म्हणूनच नवी आवृत्ती घेताना जुने ॲप उडविण्यापूर्वी नोंद पोहोचली की नाही हे पाहावे लागते. ज्याच्या काजूच्या बागेत वा सड्याखालच्या भातशेतीत फोनला रेंज नाही, तो शेतकरी नोंद करून पावसातून वर चढतो. नोंद पोहोचेपर्यंत अस्सल आणि नक्कल दोन्ही त्याच्या खिशातील प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्रच असतात.