मन्याडच्या खोऱ्यांतील एक पायवाट

गेल्या मार्गशीर्षांत एका रविवारीं पहांटे आम्ही घरचीं चार माणसें नांदेडहून निघून कंधारास गेलों. चार माणसें म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई, माझी पत्नी, नऊ वर्षांचा भाचा आणि मी. अंतर पन्नासएक किलोमीटरांचें. नदीकांठानें पायीं हिंडावें, आणि किल्ला व तळें हीं दोन्ही एकाच वाटेनें जोडून पाहावीं, एवढाच आमचा संकल्प होता. लोहा मागें पडलें तसा भाचा विचारूं लागला, "मामा, विमान पळवून नेलें होतें, तें कंधार हेंच का?"

तें कंधार अफगाणिस्तानांतलें, 1999 सालच्या डिसेंबरांतलें, असें मीं त्याला सांगितलें खरें. पण प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ह्या नामसादृश्यानें मोठमोठ्या वाचकांनाही चकविलें आहे. मोगल इतिहासकारांना सुद्धां आमच्या गांवाचा उल्लेख करतांना 'तेलंगणांतील कंधार' असें बजावून सांगावें लागे. नांवाची उपपत्ति मात्र दूर काबूलकडे शोधण्याचें कारण नाहीं. 'कृष्ण' ह्या नामाचीं कण्णर, कंधर अशीं प्राकृत आणि कानडी वळणाचीं रूपें राष्ट्रकूटांच्या काळीं रूढ होतीं. त्यावरूनच हें नगर 'कंधारपुर' झालें, असें विद्वानांचें अनुमान आहे. राष्ट्रकूट राजे आपणांस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. लट्टलूर म्हणजे आजचें लातूर, हें मत आतां बहुतेकांना मान्य आहे. वेरूळचें कैलास ज्या घराण्यानें कोरविलें आणि ज्याच्या तृतीय कृष्णानें 949 मध्यें तक्कोलमच्या रणांगणावर चोळांचा पराभव केला, त्या घराण्याचीं पाळेंमुळें आमच्या ह्या कोरड्या, दुष्काळी म्हणून हिणविल्या जाणाऱ्या मुलुखांत आहेत. ही गोष्ट आम्ही मराठवाड्याचे लोक क्वचितच उच्चारतों.

कंधारास तृतीय कृष्णाच्या काळचा जो खंडित शिलालेख सांपडला, त्यांत देवालयांस दिलेल्या देणग्यांबरोबर 'जगत्तुंगसमुद्र' ह्या जलाशयाचेंही नांव येतें. जगत्तुंग हें बिरुद तृतीय गोविंदानें धारण केलें होतें, आणि पुढें द्वितीय कृष्णाच्या पुत्राचें तें नांवच होतें. तळें ह्यांपैकीं कोणाचें, हा वाद मी तज्ज्ञांवर सोडतों. मला अपूर्वाई वाटते ती निराळीच. राज्य गेलें, राजधानी गेली, देवळें पडलीं, एका प्रचंड क्षेत्रपालाच्या मूर्तीचे तुकडे तेवढे राहिले. परंतु तळ्याचें नांव हजार वर्षें लोकांच्या तोंडीं टिकलें. आजही गांवकरी 'जगतुंग समुद्र' असेंच म्हणतात, आणि एका तळ्यास समुद्र म्हणण्यांत त्यांना कांहीं वावगें वाटत नाहीं. ज्या प्रदेशांत जूनपासून आभाळाकडे डोळे लागलेले असतात, तेथें वावगें वाटूंही नये.

किल्ला पाहून प्रथम निराशा होते. देवगिरी, रायगड डोळ्यांपुढें ठेवून येणाऱ्या माणसाला हा भुईकोट जवळ येईपर्यंत दिसतच नाहीं. भोंवतीं टेकड्या असतांना त्या सोडून खोऱ्याच्या तळाशीं कोट बांधणारा राजा वेडा तर नव्हे, असें मलाही तरुणपणीं वाटलें होतें. तेव्हां मी मोटारीनें आलों, दरवाजा पाहिला, बुरुजांवरचे फारशी लेख पाहिले आणि तासाभरांत परतलों. ह्या खेपेस आईच्या आणि मुलाच्या पावलांनीं चालावें लागलें. आई दर शंभर पावलांवर थांबे. मुलगा प्रत्येक वेळीं कांहींतरी उचलून आणी, दगड, कवडी, तुरीची शेंग. त्या संथ चालीनें तटाच्या बाहेरून खंदकाच्या कडेकडेनें जातां जातां किल्ल्याचें मर्म उलगडलें. ह्या कोटाचें रक्षण उंचीनें व्हावयाचें नव्हतेंच, पाण्यानें व्हावयाचें होतें. तळ्याचें पाणी खंदकांत घ्यावयाचें तर कोट तळ्याच्या खालच्या अंगास पाहिजे. टेकडीवर पाणी चढत नाहीं. मुलानें हें माझ्या आधीं ओळखलें, हें कबूल करणें भाग आहे. "एवढ्या मोठ्या खंदकाला पाणी कुठून आणलें?" असें म्हणून तो उताराकडे पाहूं लागला आणि आपणच हात करून म्हणाला, "तिकडून!"

राष्ट्रकूटांमागून काकतीय, बहामनी, निजामशाही असे धनी बदलले. ह्या साऱ्यांची जंत्री येथें देत नाहीं. ती कोणत्याही गॅझेटियरांत मिळेल. 1631 सालचा एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. शहाजहानच्या दक्षिणेंतील मोहिमेंत नसीरीखानानें कंधारास वेढा घातला, सुरुंग लावून तट फोडला आणि त्या वर्षाच्या उन्हाळ्यांत किल्ला घेतला. ह्या वेढ्याचें एक चित्र पयाग नांवाच्या दरबारी चित्रकारानें काढलें. तें 'पादशाहनामा'च्या ज्या सचित्र प्रतींत आहे, ती अवधच्या नबाबाकडून 1799 मध्यें इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जकडे गेली आणि आज विंडसरच्या राजवाड्यांत आहे. आमच्या मन्याडकांठची धूळ अशी थेम्सच्या कांठीं सोनेरी रंगांत जतन झाली आहे! मीं त्याची छापील प्रतिकृति बरोबर नेली होती. भाचा ती तटासमोर धरून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "यांत नदी कुठें आहे?" घोडे, तोफा, धूर ह्यांच्याकडे माझें लक्ष, नदीचा विचार मला शिवलाही नव्हता.

किल्ल्यापासून हाजी सय्याह सरवर मखदूमांच्या दर्ग्यावरून आम्ही नदीकडे वळलों. बांधावर तूर शेंगांनीं लगडलेली, ज्वारी पोटऱ्यांत, हरभऱ्याच्या पाल्यावर आंबेचें दंव. चालण्याला हाच काळ बरा. पावसाळ्यांत ही काळी माती पावलागणिक शेराशेराचा जोडा पायांत घालते. आई येथें मोकळी बोलूं लागली. तिचें माहेर ह्याच खोऱ्यांतलें. माळेगांवच्या खंडोबाची जत्रा मार्गशीर्षाच्या वद्य पक्षाच्या अखेरीस भरते. तिला तिचे वडील लहानपणीं घेऊन जात, तेव्हां गाड्या असत त्या सामानाला आणि म्हाताऱ्यांना. बाकीचें सारें घर पायीं. काळोख्या रात्रीं पुढच्या गाडीखालीं टांगलेला कंदील तेवढा हालतांना दिसे, आणि पाठीमागून विकावयास नेलेल्या लाल कंधारी गोऱ्ह्यांच्या गळ्यांतल्या घुंगरांचा आवाज येई. "झोप आली की चालता चालताच झोपायचो आम्ही," आई म्हणाली, "कुणी पडलं नाही कधी."

सहकुटुंब भटकंती ही आपल्याकडे विलायतेहून आलेली हौस आहे, असें माझे सहकारी म्हणतात. मींही तें म्हटलेलें आहे. वर्ड्‌स्वर्थनें आपल्या सरोवरांच्या प्रांताची वाटाडी 1810 मध्यें लिहिली तेव्हांपासून रम्य प्रदेशांत पायीं हिंडणें ही इंग्रजांत संस्कृतीची खूण झाली, हें खरें. आमच्या आज्या-पणज्या त्याहून किती पूर्वींपासून कडेवर मूल घेऊन खोरींच्या खोरीं तुडवीत होत्या! त्यांचें निमित्त खंडोबाचें. पण वाटेंत त्यांनीं नदी, उतार, झाडें, विहिरी पाहिल्याच नसतील कशावरून? भेद आहे तो दुसरीकडे. इंग्रजांनीं आपल्या वाटेसाठीं भांडण केलें. 1932 च्या एप्रिलांत मँचेस्टरकडचे शेंकडों मजूर जमीनदारांच्या बंदीस न जुमानतां किंडर स्काउटच्या पठारावर चढले, कांहीं तुरुंगांत गेले. 1949 मध्यें तेथील पार्लमेंटानें राष्ट्रीय उद्यानांचा आणि पायवाटांचा कायदा केला, आणि 1951 मध्यें पहिलें राष्ट्रीय उद्यान झालें तें त्याच डोंगराळ भागांत. आपल्याकडे 1906 चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे, 1966 च्या महसूल अधिनियमाचें 143 वें कलम आहे. वहिवाटीची वाट अडविली तर तहसीलदाराकडे दाद मागतां येते. परंतु हे दोन्ही शेताला जाणाऱ्या शेतकऱ्यासाठीं आहेत, आणि तसें असणें रास्तच आहे. नातवंडाचें बोट धरून नुसतीच नदी पाहावयास निघालेल्या आजीचें नांव त्यांत कोठें नाहीं. किल्ल्याला पुरातत्त्व खात्याचें संरक्षण आहे. पण किल्ला आणि तळें ह्यांना जोडणाऱ्या उताराला, म्हणजे ज्यामुळें त्या किल्ल्याला अर्थ आहे त्या गोष्टीला, कोण सांभाळणार?

हा प्रश्न मीं घरीं बसून काढलेला नाहीं. अर्धा तास चालल्यावर आमची वाट एका तारेच्या कुंपणापाशीं संपली. पलीकडे पाणंदीची जुनी चाकोरी नांगरून टाकलेली स्पष्ट दिसत होती. मला राग आला. तेवढ्यांत शेतांतून एक वृद्ध गृहस्थ आले, तार पायानें दाबून धरली आणि आईला म्हणाले, "माय, हिकडून या. वाट मोडलीया गेल्या साली. भावाभावांत वाटणी झाली, वाटंला जमीन कोण सोडतंय?" दोन एकरांच्या धन्यानें हातभर रुंदीची पट्टी कोणासाठीं सोडावी, ह्याचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. माझा राग तेथेंच ओसरला आणि त्याऐवजीं अधिक अवघड असें कांहींतरी मनांत राहिलें. कायद्यानें वाट राखावयाची तर मोबदला द्यावा लागेल. आणि मोबदला देण्याइतकी किंमत त्या वाटेला आहे, हें आधीं कोणाला तरी वाटावें लागेल. स्वातंत्र्यानंतर ह्याच नदीवर बारूळला आणि लिंबोटीला धरणें झालीं. पाण्यासाठीं जमीन घेतां येते, हें आमच्या खोऱ्याला ठाऊक आहे.

तळ्यावर पोंचेपर्यंत ऊन चढलें होतें. कांठच्या दगडावर आई बसली, पायांतल्या वहाणा काढल्या आणि पाण्यांत पाय सोडले. पाणकोंबड्या दूर सरकल्या. मुलानें आणलेले दगड एकेक करून पाण्यांत टाकले; कवडी मात्र खिशांत ठेवली. पत्नीनें भाकऱ्या आणि ठेचा सोडला.

परततांना एस्‌. टी. च्या स्थानकापर्यंत रिक्षा करावी, असें मीं सुचविलें. आईनें वहाणा हातांतच घेतल्या आणि त्या वृद्धाच्या शेताकडे बोट करून म्हणाली, "त्याच वाटंनं जाऊ. पाय पडले म्हंजी वाट बुजत नाही."

भाचा पुढें धांवला आणि कुंपणाची तार दोन्ही पायांनीं दाबून उभा राहिला.