वीतभर लांबीचा अडीच टनी ट्रक: लष्करी स्केल मॉडेल कसं बांधतात?

सोशल मीडियावर असे फोटो अनेकांनी पाहिले असतील: धुळीने माखलेला हिरवा लष्करी ट्रक, मागे इंधनाचे डबे, एका बाजूला ताडपत्रीची दोरी लोंबतेय. पुढच्या फोटोत त्याच ट्रकशेजारी एक नाणं ठेवलेलं असतं आणि मग कळतं की हा ट्रक खरा नाही. तो प्लास्टिकच्या सुट्या भागांतून जोडलेला, फुटपट्टीहून आखूड असा स्केल मॉडेल आहे.

असा ट्रक खरा का वाटतो? भाग जास्त जोडल्यामुळे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्यामागे दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे प्रमाण आणि दुसरी म्हणजे गाडीवरच्या प्रत्येक खुणेला असलेलं कारण. दुसऱ्या महायुद्धातल्या जीएमसी सीसीकेडब्ल्यू या अमेरिकी ट्रकच्या उदाहरणातून हे समजून घेऊ.

१:३५ म्हणजे नेमकं काय?

१:३५ म्हणजे खऱ्या वस्तूचा पस्तिसावा भाग. लष्करी वाहनांच्या मॉडेलमध्ये हे माप सर्वाधिक चालतं. ते रूढ होण्यामागे जपानच्या तामिया कंपनीचा मोठा वाटा आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाड्याचा किट काढला. आत मोटर आणि बॅटरी मावली पाहिजे, या गरजेतून त्याचं माप ठरलं, ते साधारण १:३५ भरलं आणि पुढे तेच टिकलं.

सीसीकेडब्ल्यूचा लांब चासीचा प्रकार सुमारे साडेसहा मीटर लांब होता. १:३५ मध्ये तो साधारण साडेअठरा सेंटिमीटर होतो, म्हणजे वीतभरही नाही. पावणेदोन मीटर उंचीचा ड्रायव्हर होतो पाच सेंटिमीटरचा.

हाच ट्रक का?

युद्धात अमेरिकेने असे पाच लाखांहून अधिक ट्रक बनवले. सैनिक त्याला ‘जिमी’ किंवा ‘ड्यूस अँड अ हाफ’ म्हणत. दुसऱ्या नावाचा अर्थ ‘अडीच’, कारण खडबडीत रस्त्यावर अडीच टन माल नेण्यासाठी तो बनवला होता. सीसीकेडब्ल्यू हे नावही सांकेतिक आहे. पहिला ‘सी’ म्हणजे १९४१ सालची रचना, दुसरा ‘सी’ म्हणजे नेहमीच्या पद्धतीची केबिन, ‘के’ म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनची ताकद आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे मागे दोन चालते अ‍ॅक्सल. पुढे दोन आणि मागे आठ असे एकूण दहा टायर त्याला होते.

या ट्रकची सर्वात गाजलेली कामगिरी फ्रान्समधली. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या दोस्तांच्या फौजा ऑगस्टमध्ये इतक्या वेगाने पुढे सरकल्या की इंधन आणि दारूगोळा मागे राहू लागला. रेल्वेमार्ग बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाले होते. तेव्हा २५ ऑगस्ट १९४४ रोजी ‘रेड बॉल एक्सप्रेस’ ही ट्रकवाहतूक सुरू झाली. जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी दुसरा, असे एकेरी रस्ते राखून ठेवले गेले. ऐन भरात सुमारे सहा हजार वाहनं रोज साडेबारा हजार टनांच्या आसपास माल नेत होती. १६ नोव्हेंबरला ही सेवा थांबली.

या ट्रकचा भारताशीही संबंध आहे. आसाममधल्या लेडोपासून ब्रह्मदेशमार्गे चीनकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमेरिकी सैन्याने हेच ट्रक वापरले. १२ जानेवारी १९४५ रोजी लेडोहून निघालेला ११३ वाहनांचा पहिला ताफा ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोहोचला.

सुरुवात निप्परने नाही, फोटोने

किटचा डबा उघडण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: हा ट्रक कुठला आणि कोणत्या महिन्यातला? कारण सगळे सीसीकेडब्ल्यू सारखे नव्हते. सुरुवातीच्या गाड्यांना पत्र्याची बंद केबिन होती, नंतरच्या अनेकांना ताडपत्रीच्या छताची उघडी केबिन आली. पोलाद वाचवण्यासाठी बऱ्याच ट्रकना लाकडी हौदा बसवला गेला. अ‍ॅक्सलही दोन प्रकारचे होते, एक ‘स्प्लिट’ आणि दुसरा ‘बँजो’. त्यामुळे एकाच ट्रकखाली दोन्ही जोडले तर जाणकाराच्या ते लगेच लक्षात येतं.

म्हणून अनुभवी मॉडेलकार आधी एखाद्या खऱ्या ट्रकचे त्या काळातले फोटो निवडतात आणि त्यावरून केबिन, हौदा, अ‍ॅक्सल ठरवतात. नंतर रंग, माती आणि मालसुद्धा याच फोटोंवरून ठरतो.

जोडणी: दहा टायर जमिनीला टेकले पाहिजेत

रणगाड्याचं बरंच काही चिलखताआड झाकलेलं असतं. ट्रकचं तसं नसतं. चासी, गाडीचे पाटे, इंजिन, केबिनची आतली बाजू, हौद्याचा तळ असं सगळं दिसतं. त्यामुळे पायाच सरळ लागतो.

सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीत अडकवलेले असतात. ते निप्परने थोडं अंतर ठेवून कापायचे, उरलेला खुंट पात्याने काढायचा आणि मग ४००, ६००, १००० अशा क्रमाने पॉलिश पेपर मारायचा. साच्याच्या दोन अर्ध्या भागांची जोडरेघ पाटे, अ‍ॅक्सल आणि सायलेन्सरवर हमखास राहते. ती रंगाखाली लपत नाही, उलट जास्त उठून दिसते.

किटचं प्लास्टिक बहुधा पॉलिस्टायरीन असतं. त्याचा खास सिमेंट नुसता चिकटवत नाही, दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतो. म्हणून आधी कोरडी जुळणी करून पाहायची आणि मगच ब्रशच्या टोकाने सांध्यावर पातळ सिमेंट टेकवायचा. तो फटीत आपोआप शिरतो.

चासी जोडताना सपाट काचेचा तुकडा कामी येतो. सिमेंट ओला असतानाच अ‍ॅक्सल आणि चाकं तात्पुरती बसवून चासी काचेवर ठेवतात. एखादं चाक अधांतरी असेल तर तेव्हाच सरळ करता येतं. सांधा वाळल्यावर मात्र ते अवघड होतं.

सगळं एकदम चिकटवण्याची घाई नडते. चासी, इंजिन, केबिन आणि हौदा वेगवेगळे तयार करून वेगवेगळे रंगवले, तर ब्रश आतपर्यंत पोहोचतो.

डिटेलिंगची खरी किल्ली: जाडी

इथे एक साधा हिशेब मदतीला येतो. या मापात १ मिलिमीटर प्लास्टिक म्हणजे खऱ्या गाडीवरचे ३५ मिलिमीटर. किटमधल्या मडगार्डची कड १ मिलिमीटर जाड असेल, तर खऱ्या ट्रकवर तो पत्रा साडेतीन सेंटिमीटर जाड झाला. शेरमन रणगाड्याच्या बाजूचं चिलखत ३८ मिलिमीटर होतं! म्हणजे ट्रकला रणगाड्याचे मडगार्ड लागले.

म्हणून पहिलं डिटेलिंग हे काही जोडण्याचं नसून घासण्याचं असतं. मडगार्ड, दरवाजे आणि पायरीच्या कडा मागच्या बाजूने तिरक्या घासल्या की समोरून पातळ दिसतात. याला खर्च जवळपास शून्य आणि फरक सर्वात मोठा. जाळी, पट्ट्या, कंस यांसाठी बाजारात फोटो-एच्ड पितळी पत्रे मिळतात. पण सगळ्याच जागी ते उपयोगी पडत नाहीत. हेडलाइटसमोरच्या गोल सळया पितळी पत्र्यातून चपट्या होतात, तिथे तारच बरी.

इंजिन उघडं दाखवायचं असेल तर तारा हव्यातच. सीसीकेडब्ल्यूचं इंजिन सहा सिलिंडरचं होतं, म्हणजे स्पार्क प्लगच्या सहा तारा. जुन्या चार्जरच्या वायरमधली तांब्याची बारीक तार त्यासाठी चालते. ब्रेकच्या नळ्याही तशाच करता येतात.

ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर पाणी मिसळलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून कमानींवर अंथरतात. वाळताना तो कमानींच्या मध्ये किंचित झोळ खातो आणि खरं कापडही तसंच बसतं.

लाकडी हौद्यावर सर्वाधिक चुका होतात. किटची फळी गुळगुळीत असते, म्हणून खरखरीत पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने ओढून रेषा उमटवाव्या लागतात. आणि रंग उडालेला दाखवताना सवयीने चंदेरी किंवा गंजाचा रंग लावला जातो. लाकडी फळीचा रंग उडाला तर खालून लाकूडच दिसणार. गंज फक्त लोखंडी पट्ट्या, कड्या आणि बिजागऱ्यांवर.

रंग आणि खुणा

अमेरिकी लष्करी वाहनांचा रंग होता ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे तपकिरीकडे झुकणारा मळकट हिरवा. बाटलीतला हा रंग छोट्या मॉडेलवर जसाच्या तसा मारला तर काळपट दिसतो. म्हणून त्यात थोडा फिकट रंग मिसळतात आणि उन्हाला सामोरे जाणारे भाग, जसं बॉनेट आणि ताडपत्री, आणखी फिके करतात.

पावसाळ्यात एक अडचण येते. हवा दमट असताना लॅकर प्रकारचा रंग किंवा वार्निश फवारलं तर पृष्ठभागावर पांढुरकी झाक येते. मुंबई, कोकण किंवा गोव्यात जून ते सप्टेंबर हे काम कोरड्या दिवसासाठी राखून ठेवलेलं बरं. फवारणी करताना खिडकी उघडी आणि तोंडावर योग्य मास्क हवा.

आकडे आणि तारे पाण्यात भिजवून लावायच्या पातळ चित्रांच्या, म्हणजे डिकलच्या, रूपात येतात. खरखरीत रंगावर ते लावले तर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. म्हणून आधी चकचकीत वार्निश, मग डिकल, शेवटी मॅट वार्निश. खुणा अर्थपूर्ण असतात. बॉनेटवरच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात या वर्गातल्या ट्रकसाठी ‘४’ ने होते, तर बंपरवरच्या अक्षरांवरून तुकडी कळते. डब्यात अनेक तुकड्यांचे डिकल असतात. आवडले म्हणून वाटेल ते एकत्र लावले तर ट्रक कुठलाच राहत नाही.

धूळ, चिखल आणि भार

मळवण्याची पायरी सर्वात मोहाची असते. इथेही पस्तीसचा हिशेब उपयोगी पडतो. १ मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटरचा घाव, आणि २ मिलिमीटरचं ढेकूळ म्हणजे सात सेंटिमीटरचा गोळा. त्यामुळे धुळीसाठी अगदी बारीक रंगद्रव्याची पूड वापरतात, बागेतली माती नाही.

मग प्रश्न येतो जागेचा. ऑगस्टमधल्या फ्रान्सच्या रस्त्यावर ट्रक कोरड्या, फिक्या धुळीने भरेल. नोव्हेंबरचा ट्रक ओल्या चिखलाचा असेल. पायरी आणि केबिनचा तळ बुटांनी घासलेला, इंधन टाकीच्या तोंडाखाली तेलकट ओघळ, काचेवर वायपर फिरलेल्या भागापुरती स्वच्छ कमान. छतावर चाकांइतका चिखल मात्र नको.

मालाचंही वजन असतं. २० लिटरचा भरलेला जेरीकॅन साधारण १८ ते २० किलोंचा. अडीच टनांच्या हिशेबाने असे सव्वाशेच्या आत-बाहेर डबे झाले. रेड बॉलचे ट्रक तर अनेकदा ठरलेल्या भारापेक्षा जास्त माल भरून पळायचे. हौदा डब्यांनी खच्चून भरलेला, पण पाटे ताठ आणि टायर गोल गरगरीत, असं दिसलं की ते डबे रिकामे वाटतात. टायर खालून किंचित घासून सपाट केले आणि मागचा भाग केसभर खाली बसवला की भार जाणवतो.

ड्रायव्हरच्या जागी कोण?

शेवटचा तपशील पाच सेंटिमीटरचा आहे. रेड बॉल एक्सप्रेसचे सुमारे तीन चतुर्थांश ड्रायव्हर आफ्रिकन-अमेरिकन होते. अमेरिकी सैन्यात तेव्हा वर्णभेद होता. कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या असत आणि बहुतेकांना लढाईऐवजी वाहतूक, माल चढवणं-उतरवणं अशी कामं दिली जात. दिवसरात्र, थकलेल्या डोळ्यांनी त्यांनी हे ट्रक चालवले. ताशी ४० किलोमीटरची मर्यादा होती, पण आघाडीवर वेळेत पोहोचण्यासाठी अनेकांनी इंजिनवरचा वेगनियंत्रक काढून टाकला होता. सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढला तो २६ जुलै १९४८ रोजी, म्हणजे युद्ध संपून तीन वर्षं होत आल्यावर.

लेडो रस्त्यावरही हेच चित्र होतं. तो बांधणाऱ्या अमेरिकी सैनिकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते.

त्यामुळे ड्रायव्हरच्या चेहऱ्याला कोणता रंग द्यायचा, हा इथे आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही. अ‍ॅक्सल अचूक, नोंदणी क्रमांक अचूक आणि स्टिअरिंगमागचा माणूस चुकीचा, असं मॉडेल अर्धवटच.

नवशिक्यांनी काय करावं?

पहिल्या ट्रकसाठी पितळी पत्रे, रेझिनचे टायर असं काही विकत घेण्याची गरज नाही. साधा किट, एक निप्पर, पातं, पॉलिश पेपर, सिमेंट आणि तीन-चार ब्रश पुरेसे असतात. इंजिन बंद बॉनेटखाली ठेवावं आणि हौद्यावर ताडपत्री टाकावी, म्हणजे निम्मं अवघड काम कमी होतं. जोडरेघा काढाव्यात, कडा पातळ कराव्यात, दहाही टायर काचेवर टेकवून पाहावेत आणि मळवण्याआधी त्या ट्रकचा एक तरी जुना फोटो समोर ठेवावा. तारा, नळ्या आणि उघडं इंजिन दुसऱ्या ट्रकसाठी राखून ठेवता येतं.